पासिंगचे टायर

अप्पा, काल लेकाची गाडी सर्व्हिसिंगला टाकायला मी गेले होते. मागचं डावं चाक घासतंय, एवढंच तिथल्या पोराला सांगत होते, तर तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही आत एसीत बसा ना, आम्ही बघतो सगळं." आणि मी मुकाट जाऊन बसले. काचेपलीकडे गाडी वर उचलली गेली आणि मला असा राग आला म्हणून सांगू! त्या पोराचा नाही, तुमचा. तुम्हाला जाऊन एक जमाना झाला, तरी.

घाटकोपरच्या डोंगराखालची आपली पत्र्याची शेड मला अजून लख्ख दिसते. गॅरेज रिक्षांचं, आणि मागच्या भिंतीला तीन टायर टांगलेले, रिमसकट, नवेकोरे. ते विकायचे नव्हते. कुठल्याही रिक्षाचं वर्षाचं पासिंग आलं की तुम्ही ते तिला चढवायचात, पत्रा पुसायचात, हॉर्न वाजवून बघायचात आणि तिला आरटीओत तपासणीला धाडायचात. पास होऊन आली की नवे टायर उतरवून परत खिळ्याला आणि तिचे ते गुळगुळीत झालेले जुने परत चाकाला. "पासिंगपुरतं दिसलं की झालं," म्हणून तुम्ही हसायचात. मी तेव्हा शाळेत होते, मलाही हसू यायचं.

ब्रेकच्या बाबतीत मात्र तुम्ही कधी थापा मारल्या नाहीत, हेही सांगायला हवं. ते काम तुम्ही मला शिकवलंत. हेल्पर टिकत नव्हते, मला भाऊ नव्हता, म्हणून असेल. चाक वर घ्यायचं, हाताने फिरवायचं, कान लावायचा, आतली पट्टी कुठे घासतेय ते ऐकून नट जरासा आवळायचा, परत फिरवायचं. "कानाने बघ गं, डोळे काय फाडतेस!" म्हणत तुम्ही टपली मारायचात. कॉलेजात गेले तोवर रविवारच्या सगळ्या रिक्षांचे ब्रेक माझ्याकडे आले होते. एखादा रिक्षावाला कुरकुरायचा, "छोकरी ने देखा क्या?" तुमचं उत्तर ठरलेलं. "मेरी लडकी ने देखा है, बिनधास्त जा." त्या एका वाक्यावर माझा आख्खा आठवडा जायचा, अप्पा. मला वाटायचं, हे गॅरेज पुढे मीच चालवणार. कप्पाळ माझं!

मुलुंडचं स्थळ सांगून आलं आणि तुम्ही मला शेडमध्ये पाऊल टाकायची बंदी केलीत. नखांतलं काळं जावं म्हणून आई लिंबू, बेसन, रॉकेल, हाताला लागेल ते चोळत बसली. शेजाऱ्यांचा टेबलफॅन आला, त्यांच्याच कपबश्या आल्या. मुलाच्या आईने माझा हात हातात घेतला आणि नाक मुरडलं, "रॉकेलचा वास येतोय गं." तुम्ही पटकन म्हणालात, "आत्ताच स्टोव्ह पेटवलान ना तिने. घरकामाची भारी आवड. गॅरेजकडे फिरकत पण नाही ती." वा रे वा! माझ्यादेखत! पोह्यांची बशी पुढे करताना मी तुमच्याकडे बघितलं, तर तुम्ही त्या उसन्या पंख्याकडे बघत होतात. मला पासिंगला नेलंत तुम्ही, दुसरं काही नाही.

झाले पास. सासरी निघताना तुम्ही जवळ घेतलंत आणि कानात सांगितलंत, "तिकडे यातलं काही बोलू नकोस हां. लोक हसतील." नाही बोलले. नवऱ्याच्या स्कूटरची क्लच केबल तुटायला आलीय हे मला गॅलरीतून ऐकूनच कळायचं, आणि मी भाजी निवडत बसायचे. शेड तुम्ही पुतण्याला देऊन टाकलीत. त्याला धड पाना धरता येत नव्हता, त्याने ती विकली आणि मोकळा झाला. "तिला काय करायचीय, ती गेली आपल्या घरी," असं तुम्ही म्हणालात, हे मला आईने सांगितलं. तुम्हाला तोंडावर विचारणार होते मी. पण तोवर तुम्ही अंथरूण धरलंत, आणि आजारी माणसाशी काय भांडायचं म्हणून मी मोसंबी सोलत राहिले. त्याचा राग अजून गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, मला कळतं. वाचून झालं की फाडीन. पण एक सांगायचं राहिलंय. त्या दिवशी मला बघून पाहुणे निघाले आणि मुलाची स्कूटर सुरू होईना. किकवर किक. एकदा धरायची आणि लगेच सोडायची. प्लगला कचरा धरला होता, मला आतूनच ऐकू येत होतं. "एक मिनिट हां," म्हणून तुम्ही पाना घ्यायला आत आलात, तर पडद्यामागे मी उभी, पदर खोचलेला, पाना हातात. तुम्ही तो माझ्या हातातून घेतलात आणि बाहेर गेलात. तुम्हाला वाटलं असेल, पोरीने आपल्यासाठी काढून ठेवला. तुमच्यासाठी नव्हता काढला, अप्पा. मला वाटलं होतं, तुम्ही मला बोलवायला आलात.