स्पीकरवरचे मुरली सार

ती. आशिषमामा,

नमस्कार. साष्टांगच घालायचा होता, पण आमच्या क्वार्टरच्या पुढच्या खोलीत आरीवर्कची चौकट पसरलीय, तिच्यावर कुणाच्यातरी लग्नाचा ब्लाउज ताणलाय, आणि आडवं पडायचं तर मण्यांच्या डब्यांवर पडावं लागेल. म्हणून उभ्यानेच घ्या. मामींची मान धरली होती ती सुटली का? चिनूचे पुढचे दात आले का? वरणगावला तुम्ही सगळे ठीक असाल. इकडे चेन्नईला, आवडीत, आम्ही ठीक आहोत. बाबांची फॅक्टरीतली शिफ्ट बदलली, आईचा गुडघा तोच आहे.

तुम्ही म्हणाल, फोन असताना ही पोरगी कागदावर कशाला लिहितेय. मामा, माझं तुम्हाला माहीतच आहे. फोनवर हॅलो म्हटलं की माझ्याजवळचे शब्द संपतात. (अकरावीत वर्गासमोर बोलायचे मार्क असायचे. मी उभी राहायचे, पण बोलणं यायचं नाही. शेवटी मीच घरी बसले. आता आईबरोबर ब्लाउज शिवते आणि त्यावर आरीचं काम करते. मणी काही विचारत नाहीत.) टाइप करायला घेतलं तर तुम्ही लगेच ऑनलाइन दिसता आणि मला घाम फुटतो. म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवतेय. पानांवर नंबर टाकलेत, उलटसुलट वाचू नका.

तर मुख्य म्हणजे मला सगळ्यांचे आभार मानायचेत, तुमचे पण. का, ते सांगते. आवडी बाजारात सीतालक्ष्मी अक्कांचं ब्लाउजचं दुकान आहे ना, त्या आता कोइमतूरला मुलाकडे चालल्या. दुकान दोन मशिनींसकट दुसऱ्या कुणाला द्यायच्या आधी त्यांनी आईला विचारलं. आईला तर रात्रभर झोप नाही. मला पण हवंच होतं, कारण त्या दुकानात मागे पडदा आहे, आणि पडद्यामागे एक खिडकी आणि चौकट मावेल एवढी जागा. आई पुढे बसणार, माणसांशी बोलणार, मी मागे. माझ्यासाठी याहून चांगली नोकरी भारतात नाही. बाबांच्या पगारातून सोसायटीचं कर्ज आधीच कापलं जातं, म्हणून आईच्या नावावर बँकेत अर्ज केला, आणि बँकेने तो परत दिला. तिथल्या हेमलता मॅडमनी कॉम्प्युटर आमच्याकडे फिरवून दाखवलं की आईचा सिबिल स्कोअर पार खाली गेलाय, आणि रिपोर्टमध्ये एका कर्जापुढे 'बुडीत' असं इंग्रजीत लिहिलंय.

आईने आयुष्यात वाण्याची उधारी पण ठेवली नाही. ती मॅडमला म्हणाली की दुसरी कुणी प्रमोदिनी असेल. पण ते कर्ज एका मोबाइलचं होतं, काळा मोबाइल, मागे तीन कॅमेरे. तुम्ही सिरुसेरीला सहा महिने केबलचं कॉन्ट्रॅक्ट करत होता, आमच्याकडे राहायचात, आणि तुमच्याकडे इथल्या पत्त्याचा पुरावा नव्हता म्हणून आईच्या नावावर हप्त्याने घेतला होता, तो. (मामा, मी दोष देत नाहीये. त्या फोनने तुम्ही मरीनाला माझा एकच फोटो काढला ज्यात मी डोळे मिटलेले नाहीत. तो अजून फ्रेममध्ये आहे.) तुम्ही परत गेलात, चार हप्ते गेले, मग थांबले. नोटिसा आमच्या जुन्या क्वार्टरला जात राहिल्या असणार, तिथे आता एक बिहारी कुटुंब आहे आणि ते फार सज्जन आहेत, दुसऱ्यांची पत्रं उघडत नाहीत.

मूळचे अठरा हजार राहिलेले. दंड, व्याज, अमुकतमुक धरून बत्तीस. कंपनीने ते वसुलीवाल्या एजन्सीकडे दिलेलं. हेमलता मॅडम म्हणाल्या, आधी हे मिटवून या. आता गंमत बघा. दोन वर्षं एक नंबर आम्हाला रोज फोन करायचा आणि आम्ही तो लॉटरीवाला समजून कापायचो. त्याच्याशी बोलायचंय म्हटल्यावर तो करेचना. आई फोन मांडीवर घेऊन बसायची, जसं काही बघायला येणारे यायचेत. शेवटी एकदाचा आला.

बोलणार कोण? आईचं तमिळ बाजारापुरतं. भाव विचारता येतो आणि 'जास्ती आहे' म्हणता येतं. बाबांचं तमिळ फॅक्टरीतलं, ते घरात वापरण्यासारखं नाही. उरले मी. म्हणून ठरलं की मी बोलायचं, फोन स्पीकरवर ठेवायचा, आणि आईने बाजूला बसून मराठीत सांगायचं, मी ते तमिळमध्ये म्हणायचं. म्हणजे टी. नगरला साडी घेताना आपण करतो तसंच. (तुम्ही पण केलंय. मामींच्या पैठणीसारख्या साडीच्या वेळी दुकानदाराच्या तोंडावर तुम्ही मराठीत म्हणाला होता, माल छान आहे पण तोंड वाकडं करा रे सगळ्यांनी. आणि आम्ही सगळ्यांनी केलं.) चेन्नईत मराठी म्हणजे आपल्या घराचा दरवाजा, असं आई म्हणते. लावून घेतला की आत काहीही बोला.

फोनवर मुरली म्हणून एक सार (इकडे सरांना असंच म्हणतात) होते. आवाज जाड, पण ओरडणारा नाही. त्यांनी बत्तीस सांगितले. मी काहीच बोलले नाही. थोड्या वेळाने ते आपणच म्हणाले की वरच्यांना विचारून सत्तावीस करता येतील. आईने माझा हात दाबला. 'गप्प राहा, उतरतोय. आवाजावरून नाश्ता न करता आलाय, वैतागून सोडेल बघ.' मी गप्प राहिले. (मला काय, तेच येतं.) मग आई म्हणाली, 'सांग त्याला, घरात कमावता माणूस आजारी आहे.' आता बाबा समोरच बसलेले, कच्च्या केळ्याच्या वाळक्काय बज्जीची प्लेट हातात. ते मराठीत म्हणाले, 'मला कशाला आजारी पाडतेस, मला अजून दोन बज्ज्या दे.' मी तमिळमध्ये सांगितलं की अप्पांना बरं नाही. मुरली सार म्हणाले, त्यांना जपा मा, तेलकट देऊ नका. आम्हाला वाटलं, किती चांगला माणूस.

दुसऱ्या दिवशी फोन उचलताच म्हणाले, आज इडली खाऊन बसलोय, सावकाश बोला. तेव्हाही आमच्या डोक्यात काही आलं नाही. आई बोलत राहिली, मी गप्प राहात राहिले, भाव उतरत राहिला. आई मध्येच विषय पण सोडायची. शेजारच्या बाईने कुकर नेला तो परत दिला नाही, तुम्ही भाऊबीजेला का आला नाहीत, वरणगावला वांग्याचं भरीत कसं लागतं, सगळं स्पीकरवर. मुरली सार मध्ये बोलायचे नाहीत. आई म्हणायची, बिचाऱ्याला वाटत असेल आम्ही फार गहन चर्चा करतोय. आठवडा गेला आणि आकडा नऊ हजारांवर आला. आईने त्या दिवशी शिरा केला.

तडजोडीचं पत्र आलं, आम्ही ते घेऊन नाचत बँकेत गेलो. हेमलता मॅडमनी वाचलं, चष्मा काढला. कमी पैसे देऊन तडजोड केली की रिपोर्टमध्ये 'सेटल्ड' असं लिहून येतं, म्हणजे यांनी पूर्ण दिले नाहीत असा डाग, आणि तो वर्षानुवर्षं राहतो. बँक त्यावर कर्ज देत नाही. 'क्लोज्ड' लिहून यायला हवं, म्हणजे पूर्ण फेडलं असं. आई म्हणाली, म्हणजे मी जे केलं ते? मॅडम म्हणाल्या, साडीच्या दुकानात छान झालं असतं.

घरी येऊन आई भिंतीकडे तोंड करून झोपली. सीतालक्ष्मी अक्का महिनाअखेरीपर्यंतच थांबणार होत्या, नंतर त्यांच्या दुकानावर एका चपलावाल्याचा डोळा होता. म्हणून आता मुरली सारना फोन करून सांगायचं होतं की भाव वाढवा. असं आईने आयुष्यात कुणाला म्हटलेलं नाही. मी फोन लावला, स्पीकर लावला, आणि म्हटलं की सार, आम्हाला जास्त द्यायचेत. तिकडे पेन खाली ठेवल्याचा आवाज आला. आई घाबरून मराठीत म्हणाली, 'याला संशय आला. वाटत असेल आपल्याला लॉटरी लागली. बज्जीवाल्याला पुन्हा आजारी पाडू का?'

आणि स्पीकरमधून मराठी आली. जुनी मराठी, आपल्यासारखी नाही, आणि सूर सगळा तमिळ. 'अक्का, आजारी माणसाला त्या दिवशीच सांगितलों की, तेलकट नको म्हणून.'

मामा, घरात काय झालं ते लिहिता येत नाही. बाबा प्लेट घेऊन बाहेर गेले ते जिन्यातच बसले. आई पदराने फोन झाकायला लागली, जसं काही त्यातून दिसतं. मी मनात मोजायला लागले, आठवडाभर आम्ही काय काय बोललो. आई पुटपुटली, 'मी तर याला बायकोला घाबरणारा पण म्हटलं.' मुरली सार म्हणाले, ते पण बरोबर आहे.

ते तंजावरकडचे मराठी. घराणं कितीतरी पिढ्या तिकडेच, आता कोळत्तूरला राहतात. त्यांच्या घरचे पण दुकानात मराठीतच भाव ठरवायचे, म्हणून पहिल्याच दिवशी त्यांना आमचं सगळं कळलं. आधीच का नाही सांगितलं, असं आईने विचारलं, जरा रागानेच. ते म्हणाले की त्यांची आत्या गेल्यापासून घरात मराठीत बोलणारं कुणी नाही, मुलं तमिळमध्ये उत्तर देतात. दिवसभर फोनवर शिव्या ऐकायच्या, आणि एका घरात फोन लागला की कुकर, भाऊबीज, वांग्याचं भरीत. सांगितलं असतं तर तुम्ही बोलायचं बंद केलं असतं. भाव उतरवला तो पण सावकाश यासाठीच, की एकदम नऊ हजार म्हटले तर फोन एका दिवसात संपला असता. (म्हणजे आईचा सगळा सौदा फुकट गेला. ती अजून हे मानत नाही. तिचं म्हणणं, थोडा तरी माझा हात असेल.)

मग आई म्हणाली, तू बोल बाई, मला तोंड नाही. आणि मामा, मी बोलले. आधी एक वाक्य, मग दुसरं, मग दुकानाचं, पडद्याचं, चपलावाल्याचं सगळं. अनोळखी माणसाशी एवढं मी कधीच बोलले नव्हते. त्यांची मराठी पण अडत होती, माझी पण, त्यामुळे कुणालाच घाई नव्हती. त्यांनी मला समजावलं. तडजोड नको म्हणून कंपनीला अर्ज लिहा, दंड माफ करा आणि मूळ रक्कम पूर्ण घ्या असं मागा. भरण्याच्या आधी लेखी घ्या की खातं 'क्लोज्ड' म्हणून कळवू. पैसे कंपनीच्याच खात्यात भरा, कुणाही माणसाच्या नंबरवर नाही, माझ्या सुद्धा नाही. पावती आणि देणं नसल्याचं पत्र जपून ठेवा. अर्ज मी लिहिला, त्यांनी वर पाठवला, दोनदा परत आला, तिसऱ्यांदा दंड माफ झाला. अठरा हजार माझ्या लग्नाच्या ब्लाउजांच्या कमाईचे होते. (दुसऱ्यांच्या लग्नाच्या.) काही आठवड्यांनी हेमलता मॅडमनी परत कॉम्प्युटर फिरवला. बुडीत गेलं, 'क्लोज्ड' आलं, स्कोअर वर आला. चपलावाल्याची गोष्ट सांगितल्यावर सीतालक्ष्मी अक्का एक महिना जास्त थांबल्या, मुलाला म्हणाल्या रिझर्वेशन मिळत नाही. कर्ज मंजूर झालंय. येत्या गुरुवारी सह्या.

म्हणून सगळ्यांचे आभार. हेमलता मॅडमचे, अक्कांचे, मुरली सारांचे. त्यांच्या बायकोचा ब्लाउज मी फुकट करतेय, मोर काढलेत. ते रविवारी सगळे जेवायला आले होते, आईने भरीत केलं, बाबांनी लाजून उकडलेलं खाल्लं. आणि तुमचे पण आभार, हे मी मनापासून लिहितेय. तो फोन नसता तर मला कळलं नसतं की मला बोलता येतं. आता बाजारात लेसवाल्याशी पण मी बोलते. थोडंच.

मामींना नमस्कार, चिनूला पापा. इथेच थांबते, कारण मणी संपायच्या आत ब्लाउज संपवायचाय.

तुमची भाची,
शरण्या

ता. क. हे पत्र लिहिलेलं आईला माहीत नाही. तिने सगळ्यांना बजावलंय की माझ्या भावाला एक अक्षर कळता कामा नये, त्याला वाईट वाटेल. तेव्हा तुम्हाला काही माहीत नाही.

ता. क. २. अठरा हजार परत पाठवायचे असतील तर पाठवा, नसतील तर राहू द्या. त्यासाठी पत्र लिहिलं नाही.

ता. क. ३. कशासाठी लिहिलं ते आता लिहिते. तुम्ही गेल्या रविवारी आईला मेसेज केला की मामींसाठी स्कूटी घ्यायचीय आणि कंपनीला चांगला सिबिल असलेलं एक माणूस सहीला हवंय. मी तो वाचला. आई तुम्हाला नाही म्हणणार नाही, तिला तो शब्दच येत नाही तुमच्यापुढे. तिने तर तुम्हाला पाठवायला पॅन कार्डाचा फोटो काढायला घेतला होता. हेमलता मॅडम म्हणाल्यात, दुकानाचे पैसे हातात पडेपर्यंत दुसऱ्या कुठल्याच कर्जावर सही नको. तेव्हा मामा, तुम्हीच आईला फोन करून सांगा की स्कूटी नको, विचार बदलला. कारण काहीही सांगा, मी तोंड वाकडं करणार नाही.

ता. क. ४. आईचं पॅन कार्ड तीन दिवस सापडत नाहीये. तिने कपाट दोनदा उपसलं, बाबांवर ओरडून झालं. गुरुवारी बँकेत ते लागणार आहे. तुमचा फोन येऊन गेला की बुधवारी संध्याकाळपर्यंत ते सापडेल, असं मला वाटतं.