थोरलीची कुंची

२१ नोव्हेंबर २००४, पौड

आज माले गावी धाकट्या भावाच्या मुलीचं बारसं झालं. आत्या म्हणून तिच्या कानात नाव मीच सांगितलं. पण त्याआधी मी नको ते बोलून गेले.

ओटी भरायला आलेल्या शेजारणीनं विचारलं, "पयलीच न्हवं?" मी पटकन म्हणाले, "हो, पहिलीच." चांगल्या दिवशी तो विषय नको, एवढंच मनात होतं. की मलाच तो नको होता?

भावजय सुनंदा बाळाला कुंची बांधत होती. तिचे हात थांबले.

मी निघताना ती दारात म्हणाली, "वन्सं, ही कुंची तुमीच थोरलीसाठी शिवली व्हती. दोन दिस घातली तिनं. मग ही पयली कशी?" रागावली असती तर बरं झालं असतं. उलट म्हणाली, "सावकाश जावा."

थोरली बारशाआधीच गेली. सुनंदासमोर तिचं काही काढू नका, असं तेव्हा मीच सगळ्यांना बजावलं होतं. सुनंदानं मात्र कुंची धुऊन जपून ठेवली.

आत्या तर मी थोरलीचीही होते. तिचं नाव काय ठेवणार होतीस, हे मी सुनंदाला अजून विचारलेलं नाही.