कानामागचं काजळ

॥ श्री ॥
बडोदे, ता. २० जानेवारी १९०७

ति. लक्ष्मणदादास,
मथूचा शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

मायना लिहितानाच हात अडला. चार वर्षांपूर्वी तू ख्रिस्ती झालास आणि आप्पांनी दर्भाचा पुतळा करून तुझ्या नावानं जाळला. तेव्हापासून आपल्या घरात तू मेलेला. मग तुला तीर्थरूप लिहू की कैलासवासी? शेवटी ति.च लिहिलं. आप्पांना कळलं तर माझाही पुतळा करतील!

दादा, माझा बाळ गेला. आठ महिन्यांचा होता, गोवरानं नेला. तू त्याला पाहिलंही नाहीस. दात आले नव्हते म्हणून अग्नी दिला नाही, विश्वामित्रीच्या काठी पुरून आले. न्यायच्या आधी आईनं त्याच्या डाव्या कानामागं काजळाचा ठिपका लावला. म्हणाली, तो तुझ्याच पोटी परत येईल, ह्या खुणेवरून ओळख. मी मान हलवली. दुसरं काय करणार?

पण मला राहून राहून तुझं बोलणं आठवतं. घर सोडण्याआधी तू सांगायचास की ख्रिस्ती माणसं मेली की मातीत ठेवतात आणि ती एक दिवस उठतात. आप्पा तेव्हा म्हणाले होते, आमच्याकडे तिसऱ्या दिवशी राख सावडतात, ह्यांच्याकडे तिसऱ्या दिवशी माणूस उठून बसतो. तेव्हा मी हसले होते. आता विचारते, माझा बाळही मातीतच आहे ना रे? मग तो उठेल का? का त्यासाठी आधी बाप्तिस्मा लागतो? त्याला बिचाऱ्याला कुणी विचारलंच नाही.

तुला सकाळी उठवायला मला तांब्याभर पाणी ओतावं लागे, आणि तू निघालास साऱ्या मेलेल्यांना उठवायला! पण दुसरं कुणाला विचारू? ह्यांना पत्राचं ठाऊक आहे, ते काही बोलणार नाहीत. खरं असेल तेच लिही. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
मथू

---

मिशन शाळा, सावली
ता. २ फेब्रुवारी १९०७

चि. सौ. मथुराबाईस लक्ष्मणाचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. वाचून अंतःकरण विदीर्ण झाले. परंतु भगिनी, ज्यांस आशा नाही त्यांच्यासारखा शोक तू करू नये. बालके प्रभूचीच आहेत. तो दिवस येईल तेव्हा तुझे बाळ अविनाशी देह धारण करून खचित उठेल, आणि तू त्यास ओळखशील. प्रभू स्वतः कबरेतून उठला तो ह्याचाच विसार होय. याविषयी तिळमात्र संशय धरू नकोस.

काजळाच्या ठिपक्याचे ते जुने खूळ मात्र सोड. आईस वाईट वाटेल म्हणून बोलू नकोस, पण मनातून काढून टाक. आपल्या घरच्या विधींचे म्हणशील, तर माझा पुतळा जळून राख झाला, आणि मी येथे रोज दोन भाकऱ्या खातो!

शाळेत मुले बरीच आहेत. माझे मराठी वळणाचे गुजराती ऐकून ती हसतात. तुझ्या यजमानांस नमस्कार. आठवण ठेवीत जा.

तुझा
लक्ष्मण

---

॥ श्री ॥
बडोदे, ता. १८ ऑगस्ट १९०७

ति. लक्ष्मणदादास मथूचा नमस्कार, वि. वि.

तुझ्या पत्राच्या वर श्री नव्हता. कोरा कागद बघून कसंसंच झालं, तरी पत्र उशाखाली ठेवलं. तू 'खचित' लिहिलंस ना, त्या एका शब्दावर मी उन्हाळा काढला. देवदर्शनाचं निमित्त करून शेजारच्या जमनाबेनला बरोबर घेऊन मी त्या जागी जात असे. बाळ तिथंच आहे, नुसता निजलाय, असं वाटे. जमनाबेन म्हणायची, चालो बेन, बहु थयुं. ओढूनच आणायची मला.

परवा विश्वामित्रीला पूर आला. पाणी ओसरल्यावर गेले, तर काठाची दरडच खचून गेलेली. जागा कुठली ते सांगता येईना. दादा, पाण्यानं नेलेली उठतात का रे? कुठून उठतात?

आणि आणखी एक. मला दिवस गेलेत. आई आनंदानं वेडी व्हायची राहिली आहे. आला गं माझा राजा, म्हणून माझ्या पोटावरून हात फिरवते. मी काय करू? तो माझ्या पोटात असेल, तर मातीत कुणी नाही, आणि मी इतके दिवस एका रिकाम्या खड्ड्याशी बसत होते. तो मातीत तुझ्या त्या दिवसाची वाट बघत असेल, तर हे पोटातलं कोण आहे? एक लेकरू दोन ठिकाणी कसं असेल? एका आईनं कुणाची म्हणून वाट बघावी?

मला झोप येत नाही, अन्न गोड लागत नाही. वेळ काढून लिही. धाकटीवर रागावू नकोस.

तुझी
मथू

---

सावली, ता. १ सप्टेंबर १९०७

चि. सौ. मथूस दादाचे आशीर्वाद.

मथे, मागचं पत्र मी नव्हतं लिहिलं. ते आमच्या पाळकसाहेबांच्या भाषेत लिहिलेलं होतं. 'खचित' हा शब्द मी रोज वापरतो, त्यामुळे तो हाताशी होता.

ह्या वर्षी इथं प्लेगनं माणसं गेली. शाळेतली मुलं गेली. प्रत्येक वेळी मी खड्ड्याशी उभा राहून पुनरुत्थानाचा पाठ वाचला. लोक माझ्या तोंडाकडे बघत, मी मातीकडे बघे. माती पडल्याचा आवाज ऐकलास कधी? त्याच्यापुढे माझे शब्द पोचट वाटत. ईस्टरला पहाटे आम्ही सगळे दिवे घेऊन कबरस्तानात जातो, उठला, उठला म्हणून गातो. परत येताना कबरी होत्या तिथंच असतात.

बाप्तिस्म्याच्या वेळी मला पाण्यात बुडवून काढलं आणि सांगितलं, जुना लक्ष्मण मेला, नवा उठला. म्हणजे मी दोनदा मेलो बघ, एकदा इथल्या पाण्यात आणि एकदा तुमच्याकडच्या विस्तवात. उठल्यासारखं मात्र अजून वाटलेलं नाही. फार एकटं वाटतं. येशू उठला हे मी मानतो गं. बाकीच्यांचं काय होतं ते मला माहीत नाही. पाण्याचंही माहीत नाही.

एवढं मात्र माझ्याच्यानं सांगवतं. पोटातला जीव कुणाच्या बदली आलेला नसतो. त्याला त्याचं स्वतःचं नाव दे. कानामागं बघू नकोस. दादा कुचकामाचा निघाला, तरी लोभ आटू देऊ नकोस.

लक्ष्मण

---

॥ श्री ॥
बडोदे, ता. २५ फेब्रुवारी १९०८

ति. दादास मथूचा नमस्कार, वि. वि.

मुलगी झाली. बाळंतपण आप्पांकडेच झालं. नाळ कापायच्याही आधी आईनं दिवा जवळ घेतला आणि तिचा डावा कान मुडपून बघितला. मग उजवा बघितला. ठिपका नव्हता. आईनं पोर सुइणीच्या हातात दिली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. तू बघू नकोस म्हणाला होतास. आईनं दिवा बाजूला ठेवला, तेव्हा तो मी उचलला. मीही बघितलं.

पोर गोरी आहे, शांत आहे. मी तिला पाजते, पण परक्याचं मूल सांभाळायला घेतल्यासारखं वाटतं. बारशाला आत्यानं नाव ठेवलं, ते मी अजून तोंडानं घेतलेलं नाही. तिचा काय दोष? काही नाही. पण होत नाही माझ्याच्यानं. बाळ गेला दादा. मातीतूनही येणार नाही आणि माझ्या पोटीही येणार नाही. आता मला कळलं.

आईनं अंथरूण धरलं आहे. पेजही तोंडाआड जात नाही. कुणी परत येत नसतं, एवढंच पुटपुटते. काल मी पाय चेपत होते, तेव्हा हळूच बोलली. तुझा पुतळा बाहेर नेण्याआधी आप्पांची पाठ वळलेली बघून तिनं त्याच्याही कानामागं काजळ लावलं होतं. दर्भाला कसला कान! पण अंदाजानं लावलं, म्हणाली. इतकी वर्षं कुणाला बोलली नाही. तीही वाटच बघत होती रे.

आप्पा येत्या पौर्णिमेला नर्मदेकाठी चांदोदला जाणार आहेत, तुझंच श्राद्ध करायला. तेवढे दोन दिवस घर मोकळं आहे. मुलीचे कान टोचायचे आहेत आणि त्याला मामाची मांडी लागते. मामा मेलेला आहे म्हणून मी नड कुणापुढे सांगू? तुझ्या येशूला म्हणावं, माझा बाळ तुझ्याच्यानं उठवला नाही, निदान हा उठव. माझ्या मेलेल्यांत स्वतःच्या पायांनी चालत येऊ शकेल असा तू एकटाच आहेस. ऊठ आणि ये.

आई असेपर्यंत ये. आणखी काय लिहू?

तुझी
मथू

ता. क. आई दिवा मागेल आणि आधी तुझा कान बघेल. सावलीहून निघताना डाव्या कानामागं काजळाचा ठिपका लावून ये. घामानं पुसू देऊ नकोस.