अद्ययावत म्हणजे आजपर्यंत

पेण, मंगळवार संध्याकाळ

सकाळी फोनने नम्रपणे विचारले, ‘अद्ययावत करायचे?’ मी हो म्हटले. तेव्हापासून रेकॉर्डिंगचे अ‍ॅप उघडतच नाही. बांध फुटून अनसूयाबाईंचे मिठागर बुडाले, त्याची त्यांनी सांगितलेली सगळी हकिगत त्यातच आहे आणि बातमी उद्या द्यायची आहे.

‘अद्य यावत्’ म्हणजे आजपर्यंत. आजपर्यंत चालले, यापुढे नाही, असे तर सुचवायचे नव्हते? अ‍ॅप काढून पुन्हा टाकले तर हकिगत राहील की पुसली जाईल? काही कळत नाही.

शेवटी बाईंनाच फोन करून पुन्हा सांगाल का, म्हणून विचारले.

“नाय हो भाऊ. तवा रडू आला तो आला. आता परत कसा आनू?”

त्या नेमक्या कुठे रडल्या? मला आठवत नाही. मी तेव्हा पडद्यावर मिनिटे सरकताना पाहत होतो.