शिट्टीनंतरचा फटका

मालेगाव
सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५

उज्वलाताईस राकेशचा नमस्कार.

मी जिवंत आहे, जेवतोय, पायात चप्पल आहे. दाजींना नमस्कार, चिमीला पापा. सातपूरला थंडी पडली का? दाजींना रात्रपाळीला कानटोपी घालायला लाव. अक्षर हललंय त्याला कारण शेजारचे यंत्रमाग. इथं सारखी खटखट, त्यामुळे माणसं प्रेमानं बोलली तरी भांडल्यासारखी वाटतात. फोन केला नाय, कारण फोनवर मी लय सहज खोटं बोलतो. कागदावर निदान खोडावं तरी लागतं.

काल वाल्मीक भेटला. आपल्या सायखेड्याचा, कांद्याचा टेम्पो चालवतो तो. हायवेच्या धाब्यावर मी ताटं विसळत होतो, त्याने मागून मानगूट धरली. त्याच्याकडून कळलं की सुभेदार सरांचा डावा डोळा गेला. जबडा तारेने बांधलाय, नळीने पेज देतात. आणि सगळा गाव म्हणतो की हे तुझ्या दिराने, हर्षलने केलं. तुला हे माझ्या आधी कळलं असेल. पोलीस भरतीच्या यादीत त्याचं नाव लागलंय, नुसती चारित्र्य पडताळणी राहिलीय, आणि त्याला रोज चौकीत बोलावून बसवतात. गुन्हा नोंदला की नोकरी गेली. तुझ्या सासूबाईंनी अन्न सोडलंय म्हणे.

हर्षलने सरांना मारलं नाय. एवढं लिहायला मला दोन चहा लागले.

तू लग्न होऊन गेलीस तेव्हा सर नुकतेच फौजेतून आले होते, त्यामुळे तुला ते फक्त मिशीवाले म्हणून माहीत. पहाटे नदीकाठच्या मैदानावर आम्हाला पळवायचे, दुपारी समाजमंदिरात गणित शिकवायचे. फी नाय. पूर आला की कमरेला दोर बांधून पाण्यात पहिले हेच. एकदा त्यांनी एक म्हैस वाचवली आणि काठावर येताच तिने त्यांचीच बरगडी मोडली. तेव्हापासून त्यांच्या घरच्या, मालनकाकू, त्यांना म्हणतात, "माणसं वाचवा, ती निदान शिव्या देऊन थांबतात." ते जाऊ दे.

पोरांची भांडणं सर मिटवत नसत, लढवून घेत. चुन्याच्या फक्कीने गोल आखायचे आणि बाकीच्यांना घरी पाठवायचे. बघे असले की मारामारी लांबते म्हणायचे. तीन मिनिटं, फक्त मुठी. शिट्टी वाजली की हात खाली. मग दोघांनी काकूंचं पिठलं एका ताटात खायचं. फुटक्या ओठाला मिरची झोंबली ना ताई, की समोरच्याचं तोंड बघून हसूच येतं. मी चार वेळा खाल्लंय असं.

ही रीत त्यांनी का लावली तेही सांगितलं होतं. बराकीत एका सोबत्याशी जुंपली. त्याने हात खाली टाकले होते, तरी यांनी त्याच्या डोक्यात बंदुकीचा दस्ता घातला. तो माणूस पुढे बोलताना अडखळायला लागला, स्वतःच्या पोरीचं नाव त्याला एका दमात घेता येईना. "शिट्टीच्या आधीचे फटके भांडणाचे," सर म्हणाले, "नंतरचा तुझ्या एकट्याचा. तो कुणावर ढकलता येत नाय."

भाऊबीजेला तू ओवाळलंस, त्याच्या चौथ्या दिवशी हर्षल पेढे घेऊन मैदानावर आला. यादीत तो होता, मी नव्हतो. सोळाशे मीटरला मी पुढे होतो, खरं सांगतो, पण वरून हेलिकॉप्टर गेलं आणि मी वर बघत पळालो. हर्षलने माझ्या तोंडात पेढा कोंबला आणि म्हणाला, "भावाला सांगतो, कंपनीत झाडू मारायला लावून घेईल तुला. तिथं वर बघितलं तरी चालतं." पोरं हसली. मी त्याच्या आईवरून बोललो. ती तुझी सासू, माफ कर. पेढे मातीत गेले. सरांनी फक्की मागवली, पोरांना घालवलं. राहिलो आम्ही तिघं.

पहिल्या बुक्कीत त्याने माझं नाक फोडलं. मी त्याच्या बरगड्यांवर मारत राहिलो, तो वाकला की गुडघ्याने तोंडावर. मुठीच म्हटलं होतं, तरी. त्याची बोटं माझ्या दातांवर सोलली. पोलिसांनी तीच सोललेली बोटं बघितली.

मग शिट्टी झाली. वाल्मीकला मी सांगितलं की कानात रक्त गेलं होतं, ऐकूच आली नाय. तुलाही तेच लिहिलं होतं, तो कागद फाडला. ऐकली होती, ताई. स्वच्छ. हर्षल हात खाली टाकून पाण्याच्या माठाकडे निघाला, पाठ माझ्याकडे. गोळाफेकीचा गोळा पायाशी होता, सव्वासात किलोचा. मी तो दोन्ही हातांनी उचलला आणि त्याच्या टाळक्यावर नेम धरून धावलो. सर मध्ये आले. ओरडले नाय, नुसते मध्ये आले. लोखंड त्यांच्या तोंडावर बसलं तो आवाज ओला होता. ते गुडघ्यावर बसले, डोळ्याच्या जागी रक्ताचा फुगा, दात मातीत. जीभ चालेना तेव्हा बोटाने फक्कीत लिहिलं, "पडलो." आणि आधी माझ्याकडे बोट केलं, मग हर्षलकडे, दोघांनी हेच सांगायचं म्हणून.

हर्षलने त्यांना मोटारसायकलवर घेतलं, टॉवेलने स्वतःच्या पाठीला बांधलं आणि नाशिकला नेलं. मी गाडीला हातसुद्धा लावला नाय. उलट्या दिशेने पळालो.

दवाखान्यात सर पाटीवर पोलिसांना रोज तोच एक शब्द लिहून देतात. डॉक्टर म्हणतात, असं कुणी पडत नाय. वाल्मीकने हर्षलला चौकीबाहेर गाठून विचारलं, खरं कोण? तो म्हणाला, "वहिनीला काय सांगू?" एवढंच.

मी काय केलं या तीन आठवड्यांत? मनमाडला दोन दिवस फलाटावर, मग धुळ्यात एका चहावाल्याचा दात पाडला, कारण तो हसला. माझ्यावरच हसला का तेही माहीत नाय. मग इथं.

वाल्मीक उद्या माल घेऊन नाशिकला येतोय, हा कागद तो तुझ्या हातात देईल. दाजींना मोठ्यानं वाचून दाखव. त्यांचा भाऊ आहे तो. मग दोघं जाऊन चौकीत द्या. सरांना विचारायला जाऊ नका, ते पुन्हा पाटी पुढे करतील. तुला हा फाडावासा वाटेल. फाडू नकोस, त्या घरात तुला जन्म काढायचाय.

गुरुवारी मी स्वतः येणार आहे. पण माझा मलाच भरवसा नाय. वाटेत दुसरी गाडी दिसली तर मी तिच्यात चढेन, तू मला ओळखतेस. म्हणून कागद पुढे पाठवतोय. मी नाय पोचलो तरी हा पोचेल, आणि हर्षल चौकीतल्या बाकावरून उठेल.

खाली नेहमीसारखं तुझा राक्या असं लिहीत नाय. चौकीत ते चालणार नाय.

राकेश सोमनाथ खालकर
वय तेवीस, राहणार सायखेडा, तालुका निफाड
गोळा मी मारला.