वरच्या खोलीचा घुमारा

३ मार्च

आले बाई एकदाची! माईक, लॅपटॉप, पुस्तकांची खोकी, एक गादी आणि मी, एवढा सगळा संसार एका टेम्पोत मावला, वर ड्रायव्हरचा डबाही बसला. वरची खोली माझी. छत उंच, फरशी गुळगुळीत, भिंती नुकत्याच रंगवलेल्या आणि एक खिडकी मागच्या परसाकडे. घरमालक एकटेच खाली राहतात. सत्तरीचे, इस्त्रीचा शर्ट, केस चापून बसवलेले. सगळी गल्ली त्यांना दादा म्हणते, म्हणून मीही तेच सुरू केलं. मी यायच्या आधी त्यांनी पंखा पुसून ठेवला होता आणि आल्या आल्या चहा दिला. मावशीला फोन करून सांगितलं की काळजी नको, नशीब उघडलंय. ती म्हणाली, तुझं नशीब दर भाड्याच्या घरात उघडतं. म्हणू दे. इथे रस्त्यावरची गाडी ऐकू येत नाही, शेजारी एक शिंपीणबाई आणि तिची मशीन, बस्स. पुस्तकं वाचून रेकॉर्ड करणाऱ्या बाईला आणखी काय हवं?

५ मार्च

हवं होतं, काहीतरी हवंच होतं. खोली घुमते! वाक्य संपवून मी तोंड मिटते आणि खोली पुढे बोलत राहते. टाळी वाजवली तर मागून टिणटिण करत तिची पिल्लं येतात. या वेळचं पुस्तक गुलाबाच्या लागवडीचं आहे, उशाला घेता येईल इतकं जाड. ‘छाटणी करताना दयामाया दाखवू नये’ हे मी जीव ओतून वाचलं आणि ऐकलं तर कुणी विहिरीतून धमकी देतंय असं वाटलं. संपादिकेला नमुना पाठवला. तिचं उत्तर आलं की रिकाम्या टाकीत डोकं घालून वाचतेस का? पुस्तक महिनाअखेर द्यायचंय.

विकतचे पॅनेल मापात बसेनात, तेव्हा घरीच करायचं ठरवलं. लाकडी चौकटी, आत मऊ काहीतरी भरायचं, वर सुती कापड ताणून ठोकायचं आणि भिंतीपासून जरा अंतर सोडून टांगायचं. आवाज आत शिरतो आणि आतच विरतो. दादांना विचारायला गेले तर ते माझ्याहून खूश. म्हणाले, बंद करच तो घुमारा, इतकी वर्षं माझ्या डोक्यात बसलाय. लगेच करवत काढून दिली. आत भरायला म्हणून एक ट्रंकही ओढत आणली. जुन्या रजया, टॉवेल, लोकरीच्या शाली. कुणाच्या विचारलं तर म्हणाले, धाकट्या बहिणीच्या. ती वरच राहायची, तापात गेली. नंतर लगेच करवतीला तेल लागेल का म्हणाले.

८ मार्च

हाताला फोड आलेत, पण मजा येतेय. पट्ट्या कापायच्या, गुण्या लावून काटकोनात धरायच्या, डिंक लावून स्क्रू पिळायचे. पहिली चौकट पतंगासारखी तिरकी झाली, दुसरी बरी, तिसरीपासून मी सुतारीण. रजया घडी करून भरल्या. त्यांना कापराचा वास आहे, आणि खाली आणखी कसला तरी, आजारी माणसाच्या खोलीत असतो तसला.

आवाज भिंतीवर कुठून उलटतो, म्हणजे पॅनेल कुठे लावायचं, ते आरशाने ठरवतात. मी माझ्या खुर्चीत बसायचं, दुसऱ्याने आरसा भिंतीवरून सरकवत न्यायचा, आणि जिथे मला आरशात माईक दिसेल तिथे खूण करायची. दादांनी आरसा धरला. तीन भिंती अगदी हळू, नीट केल्या. दाराच्या भिंतीला मात्र आरसा छातीशी धरून भराभर पुढे निघून गेले. मी म्हटलं, दादा, तिथे राहिलं की. ते म्हणाले, तिथे नको, दार उघडायला अडचण होईल. आणि उतरले खाली.

११ मार्च

झालं! अकरा पॅनेल, कोपऱ्यांतही. टाळी वाजवली, टाळी म्हणजे फक्त टाळी. खोली कान टवकारून बसल्यासारखी गप्प. पूर्ण प्रकरण एका दमात वाचलं. दादा दारात उभे राहून ऐकत होते. डोळे मिटलेले, चेहरा असा की वर्षानुवर्षं ठणकणारा दात कुणीतरी उपटलाय. म्हणाले, पोरी, फार उपकार झाले.

१३ मार्च

संपादिकेचा फोन. आवाज झकास आलाय, पण सोबत कोण असतं? माझ्या वाक्यांच्या मधल्या जागेत दुसरी बाई बोलते म्हणे. मी म्हटलं, शेजारची शिंपीण असेल. ती म्हणाली, मग शिंपीण तुझ्या मांडीवर बसलेली असणार.

हेडफोन लावून ऐकलं. आहे. ‘रोपाला पहाटे पाणी द्यावे’, मग जरा थांबलेय मी, आणि त्या थांबण्यात कुणीतरी श्वास घेतं. मग दोन शब्द. आवाज बारीक, कोरड्या घशाचा.

आधी घुमारा होता म्हणून तो त्यात बुडून गेला होता. घुमारा मीच काढून टाकला.

१४ मार्च

आज स्पष्ट ऐकू आलं. हेडफोन न लावताच. दुपारची वेळ, खिडकीत लख्ख ऊन, मी पाणी पीत होते.

‘दादा, दार उघड.’

पेला खाली ठेवून कान दिला. मग पुन्हा. दार उघड, दादा, पाणी तरी दे. आवाज पॅनेलांतून येतो. रजईला कान लावला की जास्त.

दार सताड उघडंच होतं.

१६ मार्च

मावशी म्हणते, सामान तिथेच टाक आणि निघून ये. निघणारच होते. पण आज दाराची बाहेरची बाजू नीट पाहिली. छातीच्या उंचीवर पुट्टीने बुजवलेली भोकं आहेत, वरून रंग दिलाय. चौकटीवरही तशीच. नखाने पुट्टी उकरली. कडीचीच भोकं. राहत्या खोलीला बाहेरून कडी कोण लावतं?

शिंपीणबाईकडे गेले, उसवलेली बाही हे निमित्त. तिने बाही शिवता शिवता सगळं सांगितलं, मान वर न करता. घर दोघा भावंडांच्या नावावर होतं. बहीण हक्क सोडायची सही करेना, तेव्हा दादांनी तिला वर ठेवलं, डोकं ताळ्यावर येईपर्यंत म्हणून. त्यात तिला ताप भरला. ती ओरडायची, सगळ्या गल्लीला ऐकू जायचं. पण खोली एवढी घुमायची की शब्द कळायचे नाहीत, नुसता गलका. भावाबहिणीचं भांडण, आपण कशाला मधे पडा, असं सगळ्यांनाच वाटलं. डॉक्टरला बोलावलं ते थेट मृत्यूचा दाखला लिहायला.

मी विचारलं, तुम्हाला खरंच शब्द कळत नव्हते? मशीन थांबली. म्हणाली, बाही झाली तुमची, न्या.

१७ मार्च

दादांना रेकॉर्डिंग ऐकवलं. शेवटपर्यंत शांतपणे ऐकलं त्यांनी. हेडफोन काढून टेबलावर नीट ठेवले आणि म्हणाले, हा तर तुझाच आवाज आहे.

पुन्हा लावून ऐकलं. माझाच आहे. माझा घसा, माझा श्वास. ‘दादा, दार उघड’ मी म्हणतेय. मी कधीच म्हटलेलं नाही.

ते पुढे म्हणाले, पोरी, एकटीने राहून असं होतं, तिचंही असंच झालं होतं. आणि हसले. त्या हसण्याने माझी भीती कुठल्या कुठे पळाली. राग आला. तिच्या रजया, तिच्या शाली. तिचं तोंड बंद करायला त्यांनी तिच्याच अंथरुणाचे बोळे वापरले, आणि ते कोंबले मी.

नाही जात आता. जाईन, पण असंच नाही.

१८ मार्च

ती आता पाणी मागत नाही. काल म्हणाली, ‘खाली आहे का तो?’

मी हो म्हटलं. पहिल्यांदाच उत्तर दिलं तिला. सगळी पॅनेलं एकदम फुगली आणि बसली, छातीसारखी.

आज दिवसभर एकच. ‘त्याला वर आण.’

माझा घसा बसलाय. दूधवाल्याला दोनदा ओरडून सांगावं लागलं.

१९ मार्च

दाराच्या भिंतीवर पॅनेल लावलं. दारालाही लावलं, आतून. उरलेल्या सगळ्या शाली त्यात भरल्या. कडेच्या फटीत टॉवेलच्या पट्ट्या. आता या खोलीतून सुईएवढाही आवाज बाहेर जाणार नाही. असं का करतेय हे मला माहीत आहे. ती सांगते तसं हात चालतात, पण हात माझे आहेत आणि मला आवडतंय.

२० मार्च, सकाळ

दादांना सांगितलं, काम संपलं, खोली एकदा बघून घ्या, निघते मी. ते वर चढले. नवं पॅनेल बघून म्हणाले, इथे नको म्हटलं होतं ना. मी म्हटलं, जरा आत बसा, ऐका किती शांत आहे ते. ते खुर्चीत बसले. मी बाहेर आले. दाराला मी हातही लावला नाही, ते आपणहून लागलं.

बाहेर कडी नाही. कसलीही कडी नाही. तरी लागल्याचा आवाज आला, लोखंडावर लोखंड.

कान लावला, काहीच नाही. मग तळवा टेकवला. दार थरथरत होतं. आतून कुणीतरी दोन्ही मुठींनी मारत होतं, जीव तोडून, आणि बाहेर चिमणीचा आवाजसुद्धा स्वच्छ ऐकू येत होता.

उघडलं नाही. खाली आले, चहा टाकला. कळू दे. तिला कसं वाटलं ते एक कप चहा होईपर्यंत तरी कळू दे. चहा सावकाश प्याले. चव लागली, इतक्या दिवसांनी.

२० मार्च, दुपार

दार उघडत नाही. दाराची मूठ फिरते, दार हलत नाही. खांदा लावला, पहार घातली. तळव्याला अजून थरथर लागते, पण हळू, मधेच थांबत—

फोन वर राहिला. टेबलावर, त्यांच्यासमोर.

मी हाक मारली. दादा, सरका, मी तोडते दार. ओठ हलले. आवाज नाही. घसा दुखेपर्यंत ओरडले. नाही.

२० मार्च, संध्याकाळ

तळव्याला काही लागत नाही आता. केव्हापासून ते—

बाहेरचं दारही लागलंय. खिडक्यांना गज. मागचंही तसंच.

वर फोन वाजला. कुणीतरी उचलला. माझा आवाज, मोकळा, गोड, हसरा. हो गं मावशी, मजेत आहे. छे, घाबरायचं काय त्यात.

२१

ती वाचते आहे. गुलाबाचं पुस्तक. माझ्या आवाजात, माझ्याहून छान. तो सगळ्या घरभर स्वच्छ ऐकू येतो, फटी मी इतक्या बुजवूनसुद्धा.

शिंपीण आली. कालपासून दादा दिसले नाहीत म्हणून. मी दारावर मुठी मारल्या, पातेली आपटली. तिला काही ऐकू गेलं नाही. दोघींच्या मधे एक फळी, तिची चप्पल मला फटीतून दिसत होती. तिने वर हाक मारली. वरून माझ्याच आवाजाने उत्तर दिलं, दादा परगावी गेलेत, रेकॉर्डिंग चाललंय, जरा शांतता हवी हो.

बरं बरं म्हणाली. गेली.

एक पान फाडून फटीतून सरकवलं. वाऱ्याने परत आत आलं. वारा नाहीये बाहेर—

नंतर

मी सांगतेय तिला. मनात, आवाज नाही म्हणून. तुझ्यासाठी केलं. तुझ्या बाजूने. ऐकते का ती? ऐकते. ऐकते आणि वाचत राहते—

वाचन थांबलं.

जिना. हळू. एका पायरीवर थांबून, पुढच्या—

दादांबद्दल नाही बोलत ती. गल्लीबद्दल बोलते. शिंपीण, दूधवाला, ज्यांना ज्यांना ऐकू गेलं ते सगळे. सावकाश, एकेक करून वर आणायचे. आणि पहिली—

विचारतेय. अगदी माझ्या आवाजात, प्रेमाने. तुझ्या तळव्याला लागत होतं ना, मग तेव्हा तू दार का नाही उघ