मास्तरचं मशीन आणि नवा बोर्ड

२ मार्च

आज मास्तरचा आवाज दुसऱ्यांदा गेला. घशातला गेला त्याला दीड वर्ष झालं. आज मशीनमधला गेला.

वीज गेली, आली, परत गेली — आणि जळक्या वायरीचा वास. मी नळ तसाच सोडून धावले. स्क्रीन काळा ठिक्कर! हा नुसता बघतोय त्याच्याकडे. मधेच तुटलं होतं बोलणं. "अगं ए, ते..." एवढंच ऐकू आलं होतं मला. ते काय? आता कोण सांगणार!

हात गेले, पाय गेले, मान गेली, जीभ गेली. राहिले डोळे. स्क्रीनवरच्या अक्षरांकडे बघायचा आणि मशीन बोलायचं — याच्याच आवाजात. घसा चालू होता तेव्हा महिनाभर बसून वाक्यं बोलून मशीनमध्ये भरून ठेवली होती. ड्रायव्हिंग स्कूलचा मास्तर ना माझा नवरा, त्याने सगळ्यात आधी काय भरलं? "डोळे फुटले का रे!" मग "क्लच सोड, क्लच!" माझ्यासाठीची वाक्यं नंतर.

३ मार्च

मशीनच्या कंपनीला फोन. बाई गोड बोलली. "आतला मुख्य बोर्ड जळला असेल मॅडम. आमचा माणूस येईल, आमचाच तसाच बोर्ड बसवेल. आठ-दहा दिवस धरा." आठ-दहा दिवस! म्हटलं, तुम्ही बसून दाखवा आठ-दहा दिवस तोंड शिवून. ठेवला फोन.

कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे नेलं. खिशात चार स्क्रू-ड्रायव्हर आणि तोंडाचा पट्टा चालू. "सोडा हो ताई, परवा घेऊन जा." देवमाणूस वाटला!

४ मार्च

माळ्यावरून अक्षरांचा तक्ता काढला. मशीन यायच्या आधीचा. मी बोट फिरवायचं — आधी ओळ, मग अक्षर, मग काना-मात्रा. डोळे वर म्हणजे हो. मिटले म्हणजे नाही.

पहिलं वाक्य — "पाठ खाजते." ते पूर्ण होईस्तोवर माझीच पाठ मोडली. जोडाक्षर आलं की दोघांचाही जीव जातो. हा हुशार, जोडाक्षरं टाळूनच बोलतो आता. नणंदबाई दुपारी याच्याजवळ बसतात, मी कामाला जाते तेव्हा. त्यांना तक्ता जमत नाही. "अगं, तो काहीतरी म्हणतोय आणि मी ओळच चुकते," म्हणाल्या आणि रडायला लागल्या. त्यांना चहा करून दिला. कोणाकोणाला सांभाळू?

५ मार्च

मशीन आलं. दुरुस्तीवाला स्वतः घेऊन आला, खूश! "ताई, कंपनीपेक्षा भारी बोर्ड टाकलाय. नवाकोरा. पळतंय बघा कसं." पळालं खरं. पडदा उजळला, मास्तरचे डोळे उजळले. आणि कोपऱ्यात अक्षरं — या सिस्टिमचं लायसन्स या मशीनसाठी नाही. बोलायचा प्रोग्रॅम उघडेचना. लायसन्स नसलेल्या सिस्टिमवर तो चालतच नाही म्हणे.

दुरुस्तीवाल्याने कपाळावर हात मारला. मग समजावत बसला. सिस्टिम म्हणजे मशीन चालवणारा मूळ प्रोग्रॅम, त्याचं लायसन्स दोन तऱ्हेचं. एक कंपनी मशीनमध्येच घालून देते, स्वस्तात. ते त्या बोर्डाला बांधलेलं — बोर्ड मेला की तेही मेलं. कंपनीने स्वतः आपला तसाच बोर्ड बसवला असता तर चाललं असतं. दुसरं दुकानातून वेगळं घ्यायचं. ते आपलं. मशीन बदललं तर जुन्यावरून काढायचं, नव्यावर चढवायचं.

"आमचं कुठलं?"

"पहिलं."

"मग तुम्ही दुसराच बोर्ड कशाला घुसवलात?"

"भारी होता म्हणून..."

"आणि जुना?"

भंगारात गेला.

त्याला काय बोलू? घाई माझी. आठ-दहा दिवस थांबले असते तर काही बिघडलं नसतं. पण हे त्याच्यासमोर कबूल करायला मी वेडी नाही. चांगला झाडला त्याला! बिचारा चप्पल उलटी घालून गेला.

७ मार्च

दिवसभर टोलवाटोलवी. मशीनची कंपनी म्हणते, बोर्ड आमचा नाही, आमची जबाबदारी संपली. सिस्टिमवाली कंपनी म्हणते, तुमचं लायसन्स मशीनवाल्यांनी दिलेलं, त्यांनाच विचारा. परत पहिलीकडे. दोघांनीही कानावर हात. एक जण म्हणाला, "नवीन मशीन का घेत नाही मॅडम?" असं म्हणाला जसं काही रुमाल घ्यायचाय!

मी कामावर, हॉटेलच्या चादरींच्या खोलीत बसून हे फोन करत होते. मॅनेजर डोकावला. मी उशांच्या अभ्र्यांवर डाग शोधत असल्याचं नाटक केलं.

८ मार्च

त्याला विचारलं, वीज गेली त्या दिवशी काय सांगत होतास? "अगं ए, ते" काय?

तक्ता घेऊन बसले. अक्षर अक्षर करत आलं — "काही नाही. उगीच हाक मारली."

एवढ्यासाठी अर्धा तास! हसू आलं आणि रागही आला. भाजी करपली ती वेगळीच.

१० मार्च

आज लिहू नये असं वाटतंय. तरी लिहिते.

मी मागच्या बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. जास्त वेळ नाही. शेजारणीशी दोन शब्द बोलले, तेवढंच. आत आले तर याचे ओठ निळे. छातीतला कफ घशाशी येऊन अडकलेला. डोळे बाहेर आलेले, दाराकडे लागलेले. मशीन असतं तर ओरडला असता — "ये!" एवढं एक अक्षर पुरलं असतं. मी काठीवर चिमटे लावत होते आणि हा इथे आवाजाविना मरत होता!

कफ ओढायचा पंप लावला. निघाला कफ. रंग परत आला. मी त्याला शिव्या घातल्या, स्वतःला घातल्या, दुरुस्तीवाल्याच्या सात पिढ्यांना घातल्या. मग मोरीत जाऊन तोंडात टॉवेल कोंबून रडले.

आता मी त्याला सोडून हलत नाही. पण कामाला जावंच लागतं. नणंदबाईंना आता दुपारी डुलकीही काढता येत नाही. त्या थकल्यात. मी त्यांना काही बोलू शकत नाही, त्या मला काही बोलत नाहीत.

११ मार्च

डॉक्टर येऊन गेले. छाती ठीक. मला दाराबाहेर बोलावून म्हणाले, "डोळ्यांचे स्नायूही थकायला लागलेत. पापणी जड झालीय बघा. मशीन जितकं लवकर होईल तितकं बघा. त्यांना जे काही सांगायचंय ते..." पुढचं मला ऐकायचंच नव्हतं.

बाहेर हळू बोलले, पण याचे कान शाबूत आहेत. आत गेले तर हा छताकडे बघत होता. मी म्हटलं, "डॉक्टर म्हणाले सगळं छान आहे." त्याने माझ्याकडे बघितलं. आम्ही दोघं इतकी वर्षं एकमेकांना ओळखतो, पण मला खोटं बोलायला अजून येत नाही.

१२ मार्च

दुकानातलं लायसन्स घेतलं. वेगळं, आपलं स्वतःचं. हाताएवढं पुठ्ठ्याचं पाकीट, आत एक लांबलचक नंबर. बस्स. यासाठी एवढा जीव टांगणीला! नणंदबाईंनी ते पाकीट देवासमोर ठेवायला घेतलं, म्हटलं ठेवा, पण हरवू नका.

१३ मार्च

दुरुस्तीवाला आला. या वेळी चुपचाप. नंबर टाकायला गेला आणि परत घोडं अडलं. हा नंबर टाकायचा तर मशीनला मालकाचा पासवर्ड हवा. मालक म्हणजे मास्तर. बोटं चालत होती तेव्हा त्यानेच ठेवलेला. रोजच्या वापराला कधी लागलाच नाही, म्हणून मला माहीत नाही.

"तोडून आत जाता येईल," म्हणाला, "पण मग आवाजाच्या फाइली जातील. त्या त्यांच्या खात्यात कुलपात आहेत. मशीन बोलेल, पण कुठल्यातरी परक्या माणसाच्या आवाजात."

परका माणूस माझ्या घरात बोलणार? छे!

"मग विचारा ना त्यांना," म्हणाला. "डोळे आहेत ना त्यांचे." खरंच की! एवढं सोपं. मी इंग्रजी अक्षरांचा दुसरा तक्ता करून ठेवला, आकडेही लिहिले खाली. उद्या सुटलो!

१४ मार्च

विचारलं. त्याने डोळे मिटले.

आधी वाटलं दमला. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. पहिलं अक्षर A? B? C? सगळी फिरवली. सगळ्यांना डोळे मिटलेले. आकडे फिरवले. मिटलेले.

"आठवत नाही?" मिटलेले. म्हणजे आठवतंय.

"द्यायचा नाही?"

डोळे वर. हो.

१५ मार्च

नणंदबाईंनी विचारून पाहिलं. लहानपणचा लाडाचा सूर काढला — "ताईला सांगशील ना रे, शहाणा माझा?" त्याने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या म्हणाल्या, "रुसलाय." हा काय पाच वर्षांचा आहे रुसायला?

मला डॉक्टरांचं बोलणं आठवतंय. पापणी उघडायला त्याला वेळ लागतोय. ओळ दाखवली की उत्तर यायच्या आधी मी मनात मोजते आणि घाबरते.

१६ मार्च

भांडले. होय, भांडले! अंथरुणाला खिळलेल्या माणसाशी, जो उलट एक शब्द बोलू शकत नाही.

"परवा बाल्कनीत होते, उद्या कामावर असेन, तेव्हा काय करशील? कशाने बोलवशील मला? आपल्या ताईचा विचार कर! माझा कर! दहा ठिकाणी नाक घासलं मी त्या लायसन्ससाठी. लोकांचे टोमणे खाल्ले. आणि तू डोळे मिटून पडतोस?"

मग जे बोलू नये ते बोलले. "मरायचंय का तुला? तसं असेल तर सांग, डोळे वर कर, मी विचारणार नाही परत!"

डोळे वर केले नाहीत. मिटलेही नाहीत. नुसता बघत राहिला. डोळ्यांच्या कडेने पाणी कानात गेलं, ते त्याला पुसता येत नाही. मी पुसलं. पण तोंडातून "चुकलं" निघालं नाही माझ्या.

१७ मार्च

बोलले नाही दिवसभर. तक्ता भिंतीला टेकवून ठेवला.

१८ मार्च

दुरुस्तीवाल्याचा फोन. "काय ताई, मिळाला का पासवर्ड? मी मोकळाच आहे." म्हटलं, मिळेल. तो म्हणाला, "राग मानू नका हो." या बाबाला वाटतंय मी अजून त्याच्यावरच चिडलेय.

कामावर चादरी घडी करताना एकच विचार. त्याला आवाज नकोय म्हणजे त्याला आता काही बोलायचंच नाहीये. माझ्याशीसुद्धा. वीस वर्षं दिवसभर अनोळखी पोरांवर ओरडून घरी यायचा आणि घरी आला की पुन्हा माझ्याशी बडबड. तोच हा. त्याला आता माझ्याशी बोलायचं नाहीये! याहून वाईट काय असतं ते मला माहीत नाही.

१९ मार्च

आज मी काही विचारलं नाही. त्यानेच भिंतीशी टेकलेल्या तक्त्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. परत तक्त्याकडे. मी घेऊन बसले. फार वेळ लागला, पापणी सारखी पडत होती. पण वाक्याच्या शेवटपर्यंत आला.

"मशीन असलं की तू इथे बसत नाहीस."

मग इंग्रजी तक्त्याकडे बघायला लागला. विचारलं, देतोस पासवर्ड? डोळे वर. पुन्हा विचारलं. पुन्हा वर.

मी तो इंग्रजी तक्ता हातात घेतला नाही. उद्या घेईन, घ्यावाच लागेल. आज त्याच्यासमोरच बसून राहिले.